अंगाने सडपातळ, पण यकृतात चरबी



“फादर, माझ्या अंगावर मूठभर मांस नाही. मग ह्या कागदावर यकृतात चरबी आहे असे कसे लिहिले?” असा प्रश्न हल्ली आम्हांस अधूनमधून ऐकू येतो. विचारणारा माणूस बहुधा काटक असतो. उन्हातान्हात राबणारा, कमरेला पट्टा घट्ट आवळून बांधणारा. पोटदुखीसाठी म्हणून सोनोग्राफी केली आणि तीत भलतेच निघाले, असे तो सांगतो.

यानंतर दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर तो माणूस कागद ट्रंकेत टाकतो आणि ‘डॉक्टरची काही चूक झाली असेल’ असे म्हणून विसरून जातो. नाही तर घरातली आणि शेजारची मंडळी त्याच्याकडे संशयाने पाहू लागतात. ‘यकृत बिघडले ना? मग गुपचूप पीत असणार!’ या दोन्ही गोष्टींनी नुकसान होते. पहिलीने शरीराचे आणि दुसरीने मनाचे. म्हणून आज ह्या पानावर याच विषयाची माहिती देण्याचे आम्ही योजिले आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु डॉक्टरमंडळींनी जे शोधून काढले आहे ते आपल्या भाषेत सांगणे आमच्या हातचे आहे.

यकृतात चरबी येते कोठून?

यकृत म्हणजे आपण बोकडाची जी कलेजी ओळखतो तोच अवयव. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो वजनाचे असते आणि ते उजव्या बरगड्यांखाली दडलेले असते. खाल्लेल्या अन्नाचा पहिला हिशेब तेथे होतो. साखर साठवणे, जादा साखरेची चरबी बनवणे, ती चरबी रक्तातून इतरत्र पाठवणे, विषारी पदार्थ निकामी करणे ही सारी कामे यकृताची. निरोगी यकृतात थोडी चरबी असतेच. ती शेकडा ५ च्या वर गेली की डॉक्टर त्याला ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात.

चरबी फक्त तूप-तेलानेच वाढते ही समजूत मात्र सोडावी. भात, साखर, मैदा, गोड पेये यांतील जादा साखरेपासूनही यकृत स्वतःच चरबी तयार करते. ज्यांच्या गोठ्यात दुभती गाय आहे त्यांनी आणखी एक प्रकार पाहिला असेल. भरपूर दूध देणारी गाय विते आणि नेमकी त्याच दिवसांत चाऱ्यावरून तिचे मन उडते. दुधाला लागणारी शक्ती खाण्यातून मिळत नाही, म्हणून अंगावरची चरबी वितळून यकृताकडे धावते आणि तेथे साचते. गाय खंगत जाते आणि तिच्या यकृतात चरबी वाढत जाते. तेव्हा बाहेरून दिसणारे अंग आणि आत साचलेली चरबी यांचा मेळ बसलाच पाहिजे असे नाही, हे गोठ्यातही शिकायला मिळते.

आरंभी ह्या चरबीने काही दुखत नाही. पुष्कळांच्या बाबतीत पुढेही विशेष काही होत नाही. काहींच्या यकृताला मात्र सूज येते, सुजेचे वण पडतात आणि वर्षानुवर्षे वण साचून यकृत दगडासारखे टणक होते. हाच सिऱ्होसिस. तोपर्यंत माणसाला काही कळलेले नसते, आणि ह्या रोगाचा खरा धोका यातच आहे.

खेड्यातल्या राबत्या माणसाला हे होते काय?

‘हा शहरातल्या, गादीवर बसून खाणाऱ्यांचा रोग’ असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर पश्चिम बंगालमधील बीरभूम जिल्ह्याच्या खेड्यांनी दिले आहे. कोलकात्याचे डॉ. अभिजित चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील १,९११ प्रौढ स्त्री-पुरुषांची तपासणी केली व २०१० साली ती प्रसिद्ध केली. हे लोक श्रीमंत नव्हते. त्यांच्यापैकी शेकडा ७ जणांचेच वजन जास्त होते. विशेष म्हणजे जो कोणी थोडीही दारू घेतो त्याला, आणि ज्याला ‘ब’ किंवा ‘क’ जातीची संसर्गजन्य कावीळ आहे त्याला, ह्या पाहणीतून आधीच वगळले होते.

तरीही शेकडा ८.७ लोकांच्या यकृतात चरबी सापडली. त्या चरबीवाल्यांपैकी शेकडा ७५ जणांचे वजन उंचीच्या मानाने वाढलेले नव्हते. शेकडा ५४ जण तर असे होते की ज्यांचे वजनही जास्त नव्हते आणि पोटही सुटलेले नव्हते.

याचा उलटा अर्थ कोणी काढू नये. जाड माणसाला हा धोका अधिक असतो हेही त्याच पाहणीत दिसले. पण खेड्यात जाड माणसे थोडी आणि सडपातळ पुष्कळ. म्हणून एकूण मोजदाद केली की रोग्यांमध्ये सडपातळांचीच संख्या मोठी निघते. जो डॉक्टर किंवा जो घरधनी फक्त जाड माणसाकडे पाहतो, त्याच्या नजरेतून हे सारे निसटून जातात.

वजनकाटा फसवतो

असे का व्हावे, याचा शोध आपल्या मराठी मुलुखात, पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात लागत गेला. तेथील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात छापले गेले. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा म्हणजे बी.एम.आय. दोघांचाही तो अगदी सारखा, २२.३ होता. पण अंगातील चरबी मोजली तेव्हा इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ती शेकडा ९.१ आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या शरीरात शेकडा २१.२ भरली. काटा दोघांना एकच माप देत होता आणि आतला माल निराळा होता.

याची मुळे आईच्या उदरापर्यंत जातात. १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत डॉ. याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर शेतकरी स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची नोंद ठेवायला सुरुवात केली. त्या बाळांचे जन्माचे वजन सरासरी २.७ किलो होते. इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातील अवयव लहान होते, पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती. बाळ दिसायला किडकिडीत, पण घडण चरबीकडे झुकलेली. शास्त्रज्ञांनी ह्या घडणीला ‘सडपातळ तरी चरबीयुक्त’ असे नाव दिले आहे.

हे समजण्यासाठी घरची कणगी डोळ्यांपुढे आणावी. जादा धान्य कणगीत गेले तर घर नीटनेटके राहते. आपल्या कातडीखालची चरबी ही कणगी, आणि स्नायू म्हणजे रोजचे धान्य दळून संपवणारे जाते. ज्याची कणगी लहान आणि जातेही लहान, त्याच्याकडे थोडे धान्य जास्त आले तरी ते ओसरीवर, माजघरात, जिथे नको तिथे पसरते. यकृत हे ते माजघर. मोठ्या कणगीचा माणूस वीस किलो वजन वाढवूनही काही काळ निभावतो. लहान कणगीच्या माणसाला चार-पाच किलोही भारी पडतात. याखेरीज काही कुटुंबांत यकृतात चरबी धरण्याचा गुण रक्तातूनच उतरतो. २००८ साली शास्त्रज्ञांनी असा एक जनुकही ओळखला.

रक्ताचा कागद कसा वाचावा?

काटा फसवतो, मग भरवसा कशावर ठेवावा? एकाच खुणेवर ठेवू नये, हे पहिले उत्तर. शेतात पाऊस येणार की नाही हे आपण एका ढगावरून ठरवत नाही. वारा, उकाडा, मुंग्यांची लगबग सारे पाहतो. तसेच हे आहे.

सर्वांत स्वस्त साधन म्हणजे शिंप्याची टेप. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता घेर मोजावा. पुरुषाचा घेर ९० सेंटीमीटरच्या (साडेपस्तीस इंच) आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरच्या (साडेएकतीस इंच) वर असेल तर वजन कमी असले तरी सावध व्हावे. आपल्या लोकांसाठी बी.एम.आय. चा इशाराही २५ वर नव्हे, २३ वर सुरू होतो. परंतु बीरभूमचे अनुभव सांगतात की टेपसुद्धा अर्ध्याअधिकांना पकडत नाही. म्हणून रक्ताकडे वळावे.

एस.जी.पी.टी. आणि एस.जी.ओ.टी. हे दोन पदार्थ यकृताच्या पेशींत असतात. पेशी दुखावल्या की ते रक्तात उतरतात. नव्या रिपोर्टात त्यांनाच ए.एल.टी. आणि ए.एस.टी. म्हणतात. हे आकडे वाढलेले असतील तर कारण शोधलेच पाहिजे. पण ते ठीक असले म्हणजे यकृत ठीक, असे मात्र नाही. बीरभूममध्ये शेकडा ८.७ जणांच्या यकृतात चरबी होती, परंतु चरबी आणि वाढलेली एस.जी.पी.टी. ही दोन्ही शेकडा २.३ जणांतच होती. म्हणजे चारातल्या सुमारे तिघांचा हा आकडा कागदावर ‘नॉर्मल’च होता! आणखी एक सूचना. एस.जी.ओ.टी. स्नायूंतही असते. आदल्या दिवशी पोती वाहिली किंवा दिवसभर कुदळ मारली तर तो आकडा उगीच वाढलेला दिसू शकतो. रक्त देण्याआधी एक-दोन दिवस अतिकष्टाचे काम टाळावे.

ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातून वाहणारी चरबी. उपाशीपोटी ती १५० च्या वर असेल, आणि एच.डी.एल. नावाची चांगली चरबी पुरुषांत ४० हून व स्त्रियांत ५० हून कमी असेल, तर सडपातळ माणसातही कणगी भरून सांडू लागल्याची ती खूण समजावी.

उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. १२६ व वर म्हणजे मधुमेह, पण तो दुसऱ्या तपासणीने पक्का करतात. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ही तपासणी ५.७ च्या खाली असावी; ६.५ पासून मधुमेह धरतात. आपल्या आदिवासी पट्ट्यात मात्र एक गोष्ट ध्यानी ठेवावी. सिकलसेल किंवा मोठा रक्तक्षय असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा येऊ शकतो. घरात सिकलसेल असल्यास ते डॉक्टरांना आधीच सांगावे, म्हणजे ते साध्या साखरेच्या तपासणीवर निर्णय घेतील. सिकलसेलची तपासणी आता सरकारी दवाखान्यात होते. त्यासाठीची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी आपल्याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे सुरू झाली.

चार आकड्यांचा हिशेब

चरबी आहे हे कळल्यावर खरा प्रश्न असतो तो वणांचा. त्यासाठी डॉक्टरांपाशी ‘फिब-४’ नावाचा हिशेब आहे आणि तो कागद-पेन्सिलीने करता येतो. वय गुणिले एस.जी.ओ.टी. हा एक आकडा. प्लेटलेट (हजारांत) गुणिले एस.जी.पी.टी. चे वर्गमूळ हा दुसरा आकडा. पहिल्याला दुसऱ्याने भागावे.

समजा एका पन्नाशीच्या शेतकऱ्याची एस.जी.ओ.टी. ३०, एस.जी.पी.टी. ३६ आणि प्लेटलेट अडीच लाख, म्हणजे २५० हजार आहेत. ५० गुणिले ३० म्हणजे १,५००. छत्तीसचे वर्गमूळ ६. २५० गुणिले ६ म्हणजेही १,५००. उत्तर १. हे १.३ च्या खाली आहे. मोठे वण असण्याचा संभव कमी. आता त्याच वयाच्या दुसऱ्याची एस.जी.पी.टी. तीच ३६, पण एस.जी.ओ.टी. ४५ आणि प्लेटलेट दीड लाख आहेत. २,२५० भागिले ९००, उत्तर २.५. कागदावरचा एकही आकडा डोळ्यांत भरण्यासारखा नाही, तरी ह्या माणसाला पुढच्या तपासणीची गरज आहे. २.६७ च्या वर गेल्यास यकृताच्या तज्ज्ञाला दाखवण्यात उशीर करू नये. पस्तिशीच्या आत हा हिशेब भरवशाचा नाही, आणि पासष्टीनंतर १.३ ऐवजी २ ही खालची मर्यादा धरतात. हिशेब घरी केला तरी निर्णय डॉक्टरांचाच.

म्हणून सरसकट सर्व सडपातळ माणसांनी पैसे खर्चून सोनोग्राफी करावी असे आम्ही म्हणत नाही. ज्यांना मधुमेह आहे, घेर वाढला आहे, ट्रायग्लिसराइड किंवा एस.जी.पी.टी. वाढलेली आहे, गरोदरपणी साखर वाढली होती, किंवा घरात कोणाचे यकृत बिघडले होते, त्यांनी अवश्य विचारावे. थोडी चरबी सोनोग्राफीतही दिसत नाही, हेही लक्षात असावे. २०२१ साली केंद्र सरकारने हा रोग आपल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. आशाताई तिशीवरील माणसांचा फॉर्म भरते तेव्हा कमरेचा घेर विचारते, तो लाजून चुकीचा सांगू नये.

उपाय: उपास नव्हे, घडण

सडपातळ माणसाला ‘वजन कमी कर’ म्हटले की तो एकवेळ जेवू लागतो. हे धोक्याचे आहे. वितलेल्या गायीचे उदाहरण आठवावे. एकाएकी उपासमार झाली तर चरबी यकृताकडेच धावते. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २०१८ साली दाखवले की स्थूल नसलेल्या रोग्यांनी व्यायाम आणि आहाराने शेकडा ३ ते ५ वजन उतरवले तरी त्यांच्यापैकी अर्ध्यांच्या यकृतातील चरबी ओसरली. साठ किलोच्या माणसाला हे दोन-तीन किलो होतात, आणि तेही सावकाश, महिन्यांनी. ज्याचा बी.एम.आय. १८.५ च्या खाली आहे त्याने वजन घटवूच नये. त्याला स्नायू वाढवायचे आहेत.

पहिली कात्री साखरेवर चालवावी. दिवसाला पाच कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर तेथेच झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दिवसाची सारी वरची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत असावी हे उत्तम. बाटलीतली थंड गोड पेये घरात आणूच नयेत. बऱ्हाणपूरच्या केळीला मात्र कोणी दोष देऊ नये. फळ अख्खे चावून खाणे वेगळे आणि त्याचा साखर घालून रस पिणे वेगळे. मधुमेह असेल त्याने केळे मोजून, भाकरीचा तुकडा कमी करून खावे.

ताटात भाताचा ढीग कमी व्हावा आणि ज्वारीची भाकरी, तूर, हरभरा, उडीद, भुईमूग, पालेभाजी, जमल्यास अंडे यांना जागा मिळावी. पुष्कळ घरांत डाळ पिकते आणि सगळी बाजारात जाते. त्यातली चार पायली घरी ठेवावी. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या ताटात तर ती प्रथम पडावी. पुण्याच्या खेड्यांचा धडा हाच आहे की पुढच्या पिढीचे यकृत आईच्या ताटापासून घडू लागते.

शेतकऱ्याला व्यायाम कशाला, असे वाटेल. पण नांगराच्या जागी ट्रॅक्टर आला, खुरपणीच्या जागी तणनाशक आले आणि बांधापर्यंत मोटारसायकल जाऊ लागली. हंगामाचे कष्ट खरे, पण मधले महिने रिकामे जातात. त्या दिवसांत रोज अर्धा तास झपाझप चालावे आणि उठाबशा काढाव्यात, म्हणजे जाते चालू राहील.

मोहाची असो वा दुकानातली, दारू अशा माणसाने मुळीच घेऊ नये. आधीच लादलेल्या गाडीवर ते आणखी एक पोते आहे. ‘लिव्हर साफ करणारी’ टॉनिके आणि काढेही मनाने घेऊ नयेत. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली आहे. डोळे पिवळे होणे, पोटात पाणी भरणे, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौचास होणे यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

शेजाऱ्यांसाठी दोन शब्द

ज्याचे यकृत बिघडले तो दारुडाच, असे ठरवून मोकळे होण्याची आपल्याला सवय आहे. बीरभूमच्या पाहणीत दारूचा थेंबही न घेणारी माणसे होती आणि त्यांच्यातही काहींचे यकृत टणक झालेले सापडले. शिवाय जो खरोखर पितो त्यालाही औषधाची आणि आधाराची गरज आहेच. पण जो पीत नाही त्याच्यावर तसा आळ घेणे हे खोटी साक्ष देण्यासारखेच आहे. आळाच्या भीतीने माणूस रिपोर्ट लपवतो, तपासणी टाळतो, आणि जे यकृत पाच वर्षांपूर्वी सुधारले असते ते हातचे जाते. पत्नीलाही लोकांपुढे मान खाली घालावी लागते. एक अविचारी वाक्य एका घराला इतके महाग पडते.

तेव्हा ट्रंकेत ठेवलेले जुने रिपोर्ट काढावेत. त्यांतील एस.जी.पी.टी., एस.जी.ओ.टी., प्लेटलेट, साखर आणि ट्रायग्लिसराइड हे पाच आकडे तारखेसह एका वहीत एकाखाली एक उतरवावेत. टेपने घेर मोजून तोही लिहावा. ती वही पुढच्या वेळी डॉक्टरांपुढे ठेवावी आणि ‘कावीळ ब आणि क ची तपासणी करायची का?’ हेही विचारावे. पिकाचा, खताचा, कर्जाचा हिशेब आपण वहीत ठेवतो. ज्या शरीराच्या बळावर हे सारे चालते त्याचा हिशेब ठेवायला एक पान पुरेसे आहे.